विश्लेषण : योगाला प्रयोगशाळेत नेणारे स्वामी कुवलयानंद कोण होते? शवासनाबद्दल त्यांच्याकडून काय शिकायचे?

योगवर्गाची शेवटची पाच मिनिटे आठवून पाहा. शिक्षक शवासन सांगतात आणि निम्म्या सतरंज्या गुंडाळायला सुरुवात होते. कुणाला गाडी गाठायची असते, कुणाला डबा भरायचा असतो, कुणाचा हात मोबाइलकडे जातो. राहिलेल्यांपैकी दोघे-तिघे घोरू लागतात. ताण कमी करण्यासाठी जो भाग सर्वाधिक उपयोगी पडू शकतो, तोच आपण सर्वात आधी गाळतो. झोपून राहण्यात शिकण्यासारखे काय आहे, असा त्यामागचा समज असतो.

शंभर वर्षांपूर्वी लोणावळ्यात एका मराठी संस्कृत पंडिताने या प्रश्नाकडे गांभीर्याने पाहिले. योगाचे परिणाम सांगायचे असतील तर ते मोजून दाखवावे लागतील, असे त्यांनी ठरवले आणि त्यासाठी उभे आयुष्य वेचले. ते म्हणजे कैवल्यधामचे संस्थापक स्वामी कुवलयानंद. रोजचा ताण हलका करण्याच्या साध्या उपायांबद्दल आज मोबाइलवर रोज नवा दावा येतो. अशा वेळी त्यांचे आयुष्य आणि त्यांची पद्धत समजून घेणे उपयोगाचे ठरेल.

कुवलयानंद मूळचे कोण?

त्यांचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी गायकवाडांच्या बडोदे संस्थानातील डभोई येथे झाला. वडील शिक्षक होते. घरची परिस्थिती बेताची होती आणि काही काळ तर कुटुंबाला इतरांच्या मदतीवर दिवस काढावे लागले. जगन्नाथ मात्र अभ्यासात हुशार निघाला. १९०३ मध्ये मॅट्रिकच्या परीक्षेत त्याला संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळाली आणि बडोदा कॉलेजचे दार उघडले. १९१० मध्ये ते पदवीधर झाले.

बडोद्यातील त्या वर्षांनी त्यांना दोन गोष्टी दिल्या. पहिली राष्ट्रवाद. अरविंद घोष तेव्हा बडोद्यात अध्यापन करीत होते आणि लोकमान्य टिळकांच्या विचारांनी तरुण भारावलेले होते. गुणे यांनी याच काळात आजन्म ब्रह्मचारी राहून लोकसेवा करण्याचे ठरवले. दुसरी गोष्ट म्हणजे आखाडा. जुम्मादादा व्यायामशाळेत राजरत्न माणिकराव यांच्या हाताखाली १९०७ ते १९१० या काळात त्यांनी देशी व्यायामपद्धतीचे शिक्षण घेतले. पुढे योगाकडे वळल्यावरही शरीर हे घडवण्याची आणि समजून घेण्याची गोष्ट आहे, ही आखाड्यातली दृष्टी त्यांनी सोडली नाही.

पदवीनंतर ते खानदेशात आले. अमळनेरला शिक्षणसंस्था उभी करण्याच्या कामात त्यांनी स्वतःला झोकून दिले. १९१६ मध्ये ते तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. महाविद्यालयातील राष्ट्रीय वातावरण इंग्रज सरकारला खुपत होते. १९२० मध्ये ते बंद पाडण्यात आले. चाळिशीकडे झुकलेल्या गुणे यांच्यासाठी हा मोठा धक्का होता. ज्या कामासाठी संसार केला नाही, ते कामच सरकारने काढून घेतले होते.

योगाकडे ते कसे वळले?

महाविद्यालय बंद पडण्याच्या आदल्या वर्षी, १९१९ मध्ये, त्यांची परमहंस माधवदास यांच्याशी भेट झाली होती. मूळचे बंगालचे हे योगी नर्मदेच्या काठी मालसर येथे राहत. ते तेव्हा अतिशय वृद्ध होते आणि १९२१ मध्ये त्यांचे निधन झाले. म्हणजे गुरूंचा सहवास मिळाला तो जेमतेम दोन वर्षांचा. मुंबईत ‘द योगा इन्स्टिट्यूट’ स्थापन करणारे योगेंद्र हेही याच माधवदासांचे शिष्य. विसाव्या शतकात सामान्य गृहस्थाच्या घरापर्यंत योग नेणाऱ्या दोन मोठ्या संस्था एकाच गुरूच्या शिष्यांनी काढल्या, ही लक्षात ठेवण्यासारखी बाब आहे.

गुणे श्रद्धावान होते, पण पुराव्याशिवाय शास्त्रीय विधान करायला तयार नव्हते. योगक्रिया करताना स्वतःला आलेले अनुभव त्यांना नाकारायचे नव्हते आणि ते अनुभव म्हणजेच सिद्धांत असेही त्यांना म्हणायचे नव्हते. शरीराच्या आत नेमके काय घडते, हा त्यांचा प्रश्न होता. हठयोगाच्या ग्रंथांत त्याचे उत्तर होते, पण ते जुन्या परिभाषेत. आधुनिक शरीरशास्त्राच्या भाषेत ते कुणी मांडलेले नव्हते.

बडोद्याच्या रुग्णालयात काय घडले?

१९२०-२१ मध्ये बडोद्याच्या सरकारी रुग्णालयातील प्रयोगशाळेत त्यांनी आपल्या काही विद्यार्थ्यांना सोबत घेऊन प्रयोग सुरू केले. उड्डियान आणि नौली या पोटाच्या क्रिया त्यांनी प्रथम निवडल्या. उड्डियानात श्वास पूर्ण सोडून पोट आत खेचले जाते, तर नौलीत पोटाचे मधले स्नायू वेगळे काढून फिरवले जातात. या क्रिया चालू असताना क्ष-किरणांनी पोटातील हालचाल पाहायची आणि दाबमापकाने आतील दाब मोजायचा, असा हा प्रयोग होता.

नौली करताना मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, म्हणजे तेथे अंशतः पोकळी निर्माण होते, असे मोजमापातून दिसले. नळी लावली की पाणी आत का खेचले जाते, याचा उलगडा त्यातून झाला. या पोकळीला त्यांनी गुरूंच्या नावावरून माधवदास पोकळी असे नाव दिले. गुरूवरची भक्ती आणि दाबमापकाचा आकडा एकाच नावात आणणारा हा माणूस होता.

यात धोकाही होता. प्रयोगातून काहीच हाती लागले नसते किंवा परंपरेच्या उलट निष्कर्ष निघाला असता, तर परंपरावाद्यांनी त्यांना दोष दिला असता. दुसरीकडे, इंग्रजी शिकलेल्या डॉक्टरांच्या लेखी योग म्हणजे गोसाव्यांचा प्रकार. दोन्ही बाजूंचा विश्वास गमावण्याची शक्यता पत्करूनच ते पुढे गेले.

लोणावळ्याचे कैवल्यधाम कसे उभे राहिले?

ऑक्टोबर १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधामची स्थापना झाली. आश्रम, शाळा आणि प्रयोगशाळा असे तिन्ही एकत्र असलेली ही जागा होती. त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे इंग्रजी त्रैमासिक सुरू झाले. त्याची रचना वेगळी होती. प्रयोगांची नोंद देणारा शास्त्रीय भाग, त्याचे स्पष्टीकरण करणारा अर्धशास्त्रीय भाग आणि घरी करता येईल अशी कृती सांगणारा लोकप्रिय भाग, असे विभाग त्यात असत. पहिल्या अंकांत उड्डियान आणि नौलीचे क्ष-किरण प्रयोग छापून आले. कुणालाही वाचून तपासता येतील, अशा स्वरूपात ते होते.

संस्थेला संस्थानिकांनी आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांनी देणग्या दिल्या. १९३२ मध्ये मुंबईत शाखा निघाली आणि १९३६ पासून ती मरीन ड्राइव्हवर आली. समुद्राकडे तोंड करून असलेली ही वास्तू आजही चर्नी रोडच्या लोकलमधून उतरणाऱ्यांच्या ओळखीची आहे. कचेरीत बसून काम करणारा, अपचन, निद्रानाश, दमा किंवा रक्तदाबाने त्रासलेला शहरी माणूस डोळ्यांसमोर ठेवून हे केंद्र चालवले गेले. योग करण्यासाठी संन्यास घ्यावा लागत नाही, ऑफिसला जाण्यापूर्वी तासभर येऊन तो शिकता येतो, हे मुंबईकरांनी येथे अनुभवले.

परदेशी विद्यापीठांचेही लक्ष लोणावळ्याकडे गेले. अमेरिकेतील येल विद्यापीठाशी संबंधित केरळचे मानसशास्त्रज्ञ के. टी. बेहनान हे कुवलयानंदांकडे शिकून गेले आणि १९३७ मध्ये त्यांनी योगाच्या शास्त्रीय मूल्यमापनावर पुस्तक प्रसिद्ध केले.

प्राणवायूच्या दाव्याचे काय झाले?

कुवलयानंदांची खरी परीक्षा प्राणायामाच्या बाबतीत झाली. प्राणायामाने शरीराला नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त प्राणवायू मिळतो आणि म्हणून तो हितकारक असतो, असा समज तेव्हाही होता. योगाचा प्रचार करणाऱ्या संस्थेला हा दावा सोयीचा होता. कुवलयानंदांनी मात्र तो मोजून पाहायचे ठरवले. त्यांच्या मोजमापाने या दाव्याला दुजोरा दिला नाही. सावकाश आणि श्वास रोखून केलेल्या प्राणायामात प्राणवायूचे शोषण वाढते, हे प्राणायामाच्या लाभाचे कारण नाही, असे त्यांनी मांडले. त्याचे महत्त्व मज्जासंस्थेवर होणाऱ्या परिणामात आणि मन स्थिर होण्यात आहे, ही त्यांची भूमिका होती.

आजच्या माहितीशी हे जुळते. निरोगी माणसाच्या रक्तातील हिमोग्लोबिन नेहमीच्या श्वासानेही साधारण ९५ टक्क्यांहून अधिक प्राणवायूने भरलेले असते. तेथे आणखी भर घालायला फारशी जागा नसते. सावकाश श्वसनाचा उपयोग होतो तो वेगळ्या मार्गाने. आपल्याला सोयीचा असलेला दावा मोजमापात टिकला नाही तर तो सोडायचा, हे कुवलयानंदांनी करून दाखवले. प्राणायामाने प्राणवायूची पातळी वाढवा, असे संदेश आजही मोबाइलवर फिरतात. ते पुढे पाठवण्यापूर्वी हा इतिहास आठवायला हरकत नाही.

गांधीजींचा रक्तदाब आणि लोणावळ्याची पत्रे

मार्च १९२७ मध्ये सततच्या दौऱ्यांमुळे महात्मा गांधींची प्रकृती ढासळली. रक्तदाब वाढला होता. डॉक्टरांनी सक्तीची विश्रांती सांगितली आणि ते म्हैसूर संस्थानातील नंदी टेकडीवर जाऊन राहिले. या काळात त्यांनी कुवलयानंदांशी पत्रव्यवहार केला. आसने, श्वसन आणि मालिश यांबाबत लोणावळ्याहून मार्गदर्शन जाई आणि गांधीजी आपल्या प्रकृतीचा वृत्तांत कळवीत. स्वतःच्या शरीरावर प्रयोग करणारे गांधी आणि प्रयोगाची नोंद ठेवणारे कुवलयानंद यांचे जुळले यात नवल नाही.

यातून एक गोष्ट दिसते. १९२७ मध्ये वाढलेल्या रक्तदाबावर देण्यासारखी प्रभावी औषधे डॉक्टरांकडे जवळपास नव्हती. विश्रांती हाच मुख्य उपचार होता. प्रश्न एवढाच होता, की ज्याच्या डोक्यात सतत कामे घोळत असतात त्याने विश्रांती घ्यायची कशी? पलंगावर पडून राहिले म्हणजे विश्रांती मिळते असे नाही, हे अंथरुणावर कूस बदलत रात्र काढणाऱ्या कुणालाही ठाऊक असते.

शवासन म्हणजे नुसते पडून राहणे का नव्हे?

पंधराव्या शतकाच्या सुमाराच्या ‘हठयोगप्रदीपिका’ या ग्रंथात शवासनाचे वर्णन अगदी थोडक्यात येते. प्रेतासारखे जमिनीवर उताणे पडणे, त्याने थकवा जातो आणि चित्ताला विश्रांती मिळते, एवढेच. ‘घेरंडसंहिते’त हेच आसन मृतासन या नावाने येते. पण पडल्यावर करायचे काय, हे या ओळींवरून नवख्याला कळत नाही.

कुवलयानंदांनी आसनांवरील आपल्या लेखनात हा भाग पायऱ्यांनी उलगडला. पहिल्या पायरीत शरीराचा एकेक भाग मनाने पाहायचा आणि तेथील ताठरपणा सोडायचा. हा भाग जमला की दुसरी पायरी श्वासाची. श्वास येतो-जातो तो नुसता पाहायचा. त्यानंतर श्वासाला हळूहळू एकसारखी लय येऊ द्यायची. यात बळजबरी नाही. आधीची पायरी पक्की झाल्याशिवाय पुढे जाण्याची घाई नाही. शिथिल होणे हे कौशल्य आहे आणि सायकल चालवण्यासारखे ते सरावाने येते, हा या रचनेचा अर्थ.

शवासन आणि झोप यांतला फरकही येथेच आहे. झोपेत लक्ष सुटते. शवासनात शरीर सैल असते, पण लक्ष जागे असते. जबडा आवळलेला आहे, खांदे कानांकडे ओढलेले आहेत, कपाळाला आठ्या आहेत, हे जागेपणीच कळू शकते. एकदा ते ओळखता आले की दुपारी ऑफिसच्या खुर्चीत किंवा लोकलच्या गर्दीतही ते सोडता येते. शवासनाचा फायदा सतरंजीबाहेर मिळतो तो असा.

याच सुमारास अमेरिकेत काय चालले होते?

योगायोग असा, की याच वर्षांत शिकागोमध्ये एडमंड जेकबसन हे डॉक्टर जवळपास याच प्रश्नावर काम करीत होते. मनात चिंता असते तेव्हा स्नायूंत सूक्ष्म ताण असतो आणि स्नायू पूर्ण सैल झाले तर मनाची धावपळही कमी होते, असे त्यांचे मत होते. स्नायूंतील अतिसूक्ष्म विद्युतप्रवाह मोजण्याची साधने त्यांनी वापरली आणि १९२९ मध्ये क्रमाक्रमाने शिथिल होण्याच्या पद्धतीवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या पद्धतीत स्नायू आधी किंचित आवळून मग सोडायचा असतो, म्हणजे ताण आणि सैलपणा यांतला फरक कळतो. मानसोपचारात ही पद्धत आजही शिकवली जाते. एक हठयोगाच्या ग्रंथांतून आले, दुसरे हार्वर्डच्या मानसशास्त्रातून. दोघेही एकाच ठिकाणी पोहोचले. विश्रांती आपोआप मिळत नाही, ती शिकावी लागते.

शरीरात नेमके काय बदलते?

आपल्या इच्छेशिवाय चालणाऱ्या मज्जासंस्थेच्या दोन मुख्य शाखा आहेत. एक शाखा संकटाच्या वेळी शरीराला सज्ज करते. हृदयाचे ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आकसतात, स्नायू ताठ होतात, पचन मंदावते. वाघ समोर असेल तर हे उपयोगी आहे. वरिष्ठांचा रात्री दहाचा मेसेज हा वाघ नसतो, पण शरीर प्रतिसाद त्याच मार्गाने देते. दुसरी शाखा शरीराला पुन्हा पूर्वपदावर आणते. रोजच्या ताणात पहिली शाखा वारंवार चालू होते आणि दुसरीला पुरता अवसर मिळत नाही.

या यंत्रणेवर आपला थेट ताबा नसतो. हृदयाला हळू चाल, असे सांगता येत नाही. श्वास मात्र आपोआपही चालतो आणि ठरवूनही चालवता येतो. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित कमी होते. उच्छ्वास लांबवत श्वसन सावकाश केले की शांत करणाऱ्या शाखेला बळ मिळते. सैल झालेल्या स्नायूंकडून मेंदूकडे जाणारे इशारेही घटतात. कुवलयानंदांनी प्राणायामाचे मूल्य मज्जासंस्थेत शोधले, ती दिशा योग्य होती, असे नंतरच्या संशोधनातून दिसते.

उत्तरायुष्यात त्यांनी काय केले?

मुंबई प्रांताच्या सरकारने शारीरिक शिक्षणासाठी नेमलेल्या समितीचे नेतृत्व त्यांच्याकडे आले आणि शाळांतील व्यायामशिक्षणाला वळण देण्यात त्यांचा वाटा राहिला. १९५० च्या सुमारास लोणावळ्यात गोवर्धनदास सेक्सरिया यांच्या नावाने योग महाविद्यालय सुरू झाले. पुढील दशकाच्या आरंभी तेथे योगोपचाराचे रुग्णालयही उघडले. दीर्घकाळ चालणाऱ्या आणि औषधांनी पुरते न हटणाऱ्या तक्रारी घेऊन येणारे रुग्ण तेथे राहून उपचार घेऊ लागले.

१९६३ मध्ये डॉ. एस. एल. विनेकर यांच्यासह त्यांनी लिहिलेले योगोपचारावरील पुस्तक केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या आरोग्य शिक्षण विभागाने प्रसिद्ध केले. त्यातली मांडणी आजच्या तणावग्रस्त वाचकालाही पटावी अशी आहे. उपचाराचे दोन भाग आहेत. एक, मनाचे योग्य वळण घडवणे. दोन, स्नायू, मज्जा आणि ग्रंथी यांची घडी पुन्हा बसवून शरीराला जास्त ताण सोसण्याजोगे करणे. ताण आयुष्यातून नाहीसा होईल, असे आश्वासन त्यात नाही. तो पेलण्याची क्षमता वाढवता येते, एवढेच त्यात म्हटले आहे.

१८ एप्रिल १९६६ रोजी वयाच्या ८२ व्या वर्षी कुवलयानंदांचे निधन झाले.

त्यांच्यानंतर शवासनाची परीक्षा कुणी घेतली?

तीन वर्षांनी, १९६९ मध्ये, मुंबईच्या केईएम रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि सहकाऱ्यांनी उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांवरील शवासनाचा अभ्यास प्रसिद्ध केला. सहलेखकांत कैवल्यधामचे विनेकर होते. रुग्णांना शवासनात पडून संथ, लयबद्ध श्वसन आणि नाकपुड्यांतून जाणाऱ्या हवेच्या स्पर्शाकडे लक्ष देणे शिकवण्यात आले. औषध न घेणाऱ्यांचा सरासरी रक्तदाब उतरला आणि औषधांनी रक्तदाब आटोक्यात असलेल्या अनेकांची औषधाची गरज कमी झाली. १९७३ मध्ये इंग्लंडमध्ये डॉ. चंद्रा पटेल यांनी २० रुग्णांना योगपद्धतीची शिथिलता शिकवून ‘लॅन्सेट’मध्ये आशादायक निष्कर्ष मांडले. १९७५ मध्ये अमेरिकेत हर्बर्ट बेन्सन यांनी शरीराच्या या शांत प्रतिसादावर लिहिलेले पुस्तक गाजले.

येथेही कुवलयानंदांचाच निकष लावायला हवा. सुरुवातीचे हे अभ्यास लहान होते. शवासन करणाऱ्याला आपण शवासन करतो आहोत हे माहीत असते, त्यामुळे औषधाच्या गोळीसारखी काटेकोर तुलना अवघड जाते. त्यामुळे शिथिलीकरण हा उपचाराला जोड देणारा उपाय आहे, औषधाला पर्याय नाही, असेच म्हणणे योग्य ठरते.

घरी दहा मिनिटांत काय करता येईल?

मोबाइल शांत करून दुसऱ्या खोलीत ठेवा. जेवणानंतर लगेच करू नका. सतरंजीवर उताणे पडा. पाय थोडे फाकलेले, हात शरीरापासून जरा दूर, तळवे वर. कंबर दुखत असेल तर गुडघ्याखाली उशी घ्या.

पहिली तीन-चार मिनिटे शरीराची फेरी मारा. पावले, पोटऱ्या, मांड्या, पोट, छाती, हात, खांदे, मान, जबडा, डोळे, कपाळ. प्रत्येक ठिकाणी थांबा, ताठरपणा शोधा आणि श्वास सोडताना तो सोडा. ताठरपणा ओळखू येत नसेल तर जेकबसन यांच्या पद्धतीप्रमाणे तो भाग पाच सेकंद हलकेच आवळा आणि सोडा.

पुढची तीन-चार मिनिटे श्वास नुसता पाहा. आत येणारी हवा गार आणि बाहेर जाणारी किंचित उबदार लागते, तेवढेच लक्षात घ्या. शेवटची दोन-तीन मिनिटे उच्छ्वास थोडा लांबू द्या. आकडे मोजण्याचा ताण घेऊ नका आणि श्वास रोखू नका. मन भटकेल. ते भटकले हे लक्षात आले की पुन्हा श्वासाकडे या. उठताना आधी कुशीवर वळा, मग हाताचा आधार घेऊन सावकाश बसा.

कचेरीत पडता येत नसेल तर खुर्चीत पाठ टेकून, पावले जमिनीवर ठेवून हेच दोन-तीन मिनिटे करता येते. पहिल्या दिवशी काही वाटले नाही म्हणून सोडू नका. काही आठवडे रोज ठरावीक वेळी करा आणि कुवलयानंदांप्रमाणे नोंद ठेवा. झोप कशी लागली, डोके दुखले का, रक्तदाब मोजत असाल तर किती आला. आपल्याला उपयोग होतो की नाही, हे दुसऱ्याच्या सांगण्यापेक्षा आपल्याच वहीतून अधिक नीट कळेल.

कोणी काळजी घ्यावी?

रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार किंवा मानसिक आजाराची औषधे चालू असतील तर बरे वाटले म्हणून ती स्वतःहून बंद किंवा कमी करू नयेत. हा निर्णय डॉक्टरांचाच. गरोदरपणाच्या उत्तरार्धात उताणे पडण्याऐवजी डाव्या कुशीवर झोपणे योग्य. आम्लपित्ताचा त्रास असणाऱ्यांनी डोके आणि छाती थोडी उंच ठेवावी. काहींना डोळे मिटून स्थिर पडल्यावर उलट अस्वस्थ वाटते, जुन्या आघाताच्या आठवणी वर येतात. त्यांनी डोळे उघडे ठेवावेत, बसून करावे किंवा सरळ थांबावे.

सतत उदास वाटणे, झोप उडणे, कामात मन न लागणे हे दोन आठवड्यांहून जास्त टिकले किंवा जीव नकोसा वाटू लागला तर तो शवासनाने सोडवायचा प्रश्न नाही. तेव्हा डॉक्टरांना भेटावे. केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ या मोफत सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तेथे मराठीतही बोलता येते.

मग कुवलयानंदांचा वारसा कोणता?

२०१९ मध्ये टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले. कैवल्यधामने शंभरी ओलांडली. दरवर्षी २१ जूनला मैदाने भरतात. पण त्यांचा खरा वारसा एवढ्यापुरता नाही. ज्यावर आपला विश्वास आहे तेच आधी तपासायचे आणि जे तपासात टिकेल तेवढेच लोकांना सांगायचे, ही त्यांची शिस्त होती. ताण कमी करण्याच्या नावाखाली चमत्कार विकले जात असताना तिचे मोल वाढले आहे.

पुढच्या योगवर्गात शेवटची पाच मिनिटे आली की सतरंजी गुंडाळू नका. त्या पाच मिनिटांत काही शिकण्यासारखे आहे, यासाठी एका माणसाने नर्मदेच्या काठापासून लोणावळ्यापर्यंतचे आयुष्य खर्ची घातले होते.